भुताचा, चांगला

बाबा, तुमचा सिनेमा सापडला.

दुसरं काही लिहिण्याआधी हे सांगून टाकते, नाहीतर माझ्या पोटात राहणार नाही. आज सकाळी मी आमटीला फोडणी देत होते आणि ओट्यावरचा फोन वाजला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीनं लिंक पाठवली होती. खाली लिहिलं होतं, ‘ताई, तुम्ही सारखा सांगता तो भुताचा सिनेमा हा तर नाही ना?’ गेली कित्येक वर्षं मी भेटेल त्याला तो सिनेमा वर्णन करून सांगत आले आहे. काळापांढरा, हिंदी, साठच्या आसपासचा, भूत एकदाही दिसत नाही, नाव माहीत नाही. लोक आपले कुठले कुठले सिनेमे सुचवतात आणि मी मान हलवते, हा नाही. त्यामुळं आजही मी फारशा आशेनं बघितलं नाही. पण पडद्यावर तो चढाचा रस्ता आला. टांग्यात बसलेली ती बाई, मांडीवर पत्र्याची ट्रंक. टांगा थांबतो तेव्हा घोडा दोन पावलं मागं सरकतो ना, तो सरकला. बाबा, मी ओरडलेच. फोडणी जळाली. आतून आईनं विचारलं, “काय जळतंय गं?” मी म्हटलं, “बाबांचा सिनेमा सापडला!” आईला हल्ली कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. म्हणाली, “कुठला? ती नांदत नव्हती ती?”

म्हणजे तिलाही आठवतं. मला वाटलं होतं, फक्त मलाच.

तुमचं दुकान मला आत्ता समोर दिसतंय. देवळाली कॅम्पात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, मिलिटरीचे युनिफॉर्म शिवणाऱ्या चाचांच्या दुकानाला लागून. रुंदीला एवढंसं, पण तिन्ही भिंतींना छतापर्यंत कॅसेटी. काउंटरवर टीव्ही, त्याखाली तुमचा स्वतःचा व्हीसीआर, आणि खाली गोणपाटात गुंडाळलेला दुसरा, भाड्यानं द्यायचा. मी शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन येते. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि तिकडं रेंजवर तोफांचा सराव सुरू झालेला. एक बार झाला की फळ्यांवरच्या कॅसेटी खुडखुड करत बोटभर पुढं येतात. तुम्ही तोंडातला घास तसाच ठेवून उठता, हाताच्या एका फटक्यानं आख्खी रांग मागं ढकलता, आणि परत जेवायला बसता. शाळेतल्या मुलींना मी सांगायचे की आमचं दुकान हलतं. कोणाला खरं वाटायचं नाही.

ती कॅसेट नांदगावहून आली. तिथल्या कुणाची तरी व्हिडिओ लायब्ररी बंद पडली आणि तुम्ही सगळा माल एकगठ्ठा उचलून आणलात, दोन खोक्यांत. मारामारीचे, कौटुंबिक, देवादिकांचे, आणि तळाशी ही एक, कव्हर नाही, लेबल नाही. लावून बघितली तर सुरुवातीची नावंच त्यात नव्हती. सरळ तो टांगाच चढ चढत यायचा. तुम्ही उभ्याउभ्या बघायला लागलात, मग स्टूल ओढलंत, मग दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलंत. मी तेव्हा सातवीत. मला चाचांकडं बटणं निवडायला पाठवून दिलंत, “हे तुझ्यासाठी नाही” म्हणून. परत आले तर तुम्ही काउंटरला टेकून उभे, आणि चेहरा असा, की कुणीतरी तुम्हाला फार मोठी गोष्ट विश्वासानं सांगून गेलं आहे. नाव माहीत नव्हतं, म्हणून तुम्हीच लेबल चिकटवलंत आणि तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलंत, ‘भुताचा, चांगला’. दुकानात भुताचे पुष्कळ होते. रंगीत, वाढलेल्या नखांचे, रक्त गळणारे, आणि शनिवारी त्यांना भारी मागणी असायची. त्यांच्या लेबलांवर नुसती नावं होती. ‘चांगला’ हा शेरा साऱ्या दुकानात एकाच कॅसेटवर होता.

तो भाड्यानं देताना तुम्ही गिऱ्हाइकाला बजावून सांगायचात, “हा दुपारी बघा. जेवण झाल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून.” लोक हसायचे. एक सुभेदार म्हणाले, “भूत दोपहर को आता है क्या?” तुम्ही म्हणालात, “रात्री तर साहेब, मांजर पण घाबरवतं. दुपारी घाबरवलं तर खरं.” मराठी त्यांना किती कळलं कोण जाणे, पण कॅसेट घेऊन गेले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत घेऊन आले. सगळेच तसं करायचे. इतर कॅसेटी लोक दोन-दोन दिवस दाबून ठेवायचे, तुम्हाला क्वार्टरवर सायकल काढून मागायला जावं लागायचं. ही मात्र कधी उशीर करायची नाही. चाचा आपल्या मशीनवरून मान वर करून ओरडायचे, “क्या शेठ, आली का लेक परत माहेरी?”

“आली.”

“एक रात्र पण नांदत नाही तुमची. कुछ तो ऐब होगा.”

“ऐब तिच्यात नाही चाचा, सासरच्यांत आहे.”

“हर बाप यही बोलता है,” चाचा म्हणायचे आणि मशीन परत खडखड सुरू व्हायचं. मग गल्लीभर ते नाव पडलं. घरी आईसुद्धा जेवताना विचारायची, “आज कुणाकडं दिलीत? नांदेल का?”

रिवाइंडच्या बाबतीत तुम्ही किती कडक होतात! काउंटरवर पाटीच होती, कॅसेट रिवाइंड करून द्यावी. कुणी अर्ध्यावर सोडून आणली की तुम्ही त्याला सगळ्यांसमोर सुनवायचात. एकदा एका तोपचीला म्हणालात, “एवढी मोठी तोफ चालवता, एक बटण दाबता येत नाही?” तो बिचारा लाजला, आणि पुढं मात्र न चुकता रिवाइंड करून आणायला लागला. पण ह्या एका कॅसेटसाठी तुमचा नियम उलटा. देतानाच सांगायचात, “ही रिवाइंड करू नका. जिथं थांबलात तिथंच राहू द्या. बाकी मी बघतो.” मला त्याचं कारण विचारायची गरज पडली नाही, कारण ते कारण मी रोज बघत होते. कॅसेट आली की तुम्ही ती तशीच तुमच्या व्हीसीआरमध्ये सरकवायचात आणि प्ले दाबायचात. गिऱ्हाईक जिथं उठलं, तिथूनच चित्र सुरू व्हायचं. तुमची ती एकट्याची परीक्षा होती. प्रश्न एकच, कुणी शेवटपर्यंत जातं का.

कुणी जायचं नाही, आणि सगळे एकाच जागी उठायचे. मला ती जागा पाठ आहे. जमिनीवर मांडलेली ताटं. कॅमेरा पार खाली, बसलेल्या माणसाच्या नजरेइतका. ती टांग्यातली बाई, आता घरातली झालेली, हातात डाव घेऊन एका रिकाम्या पाटासमोर ओणवी बसली आहे. बस. ती हलत नाही, कुणी बोलत नाही, संगीत नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. एवढं चार-पाच क्षण दिसायचं आणि तुम्ही स्टॉप दाबायचात. “इथंच,” म्हणायचात. “परत इथंच. बाळ, सगळ्यांना इथंच कंटाळा कसा येतो गं?” मी पडद्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, येईलच की. नुसती बसली आहे. त्याआधी काय घडलं हे मला माहीत नव्हतं. ते तुम्हाला माहीत होतं, आणि तुमच्या मते सिनेमातलं सगळ्यात सुंदर तेच होतं. ‘काय माया आहे त्या बाईच्या बोलण्यात’ असं तुम्ही आईला सांगायचात. काय बोलते ती, असं आईनं विचारलं तर म्हणायचात, “ते बघायचं असतं, सांगायचं नसतं.”

लष्करातल्या बायका तुमचं मुख्य गिऱ्हाईक होत्या. नवरे फील्ड पोस्टिंगला, पोरं शाळेत, दुपार खायला उठलेली. त्यातली एक मला चांगली आठवते. पहाडी मुलखातली होती, लाल गालांचं पोर कडेवर, भाषा गोड. तिनं ‘भुताचा, चांगला’ नेला आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच येऊन पायरीवर बसली होती. तुम्ही विचारलंत, “क्यों बहनजी, अच्छी नहीं लगी?” ती म्हणाली, “बहुत अच्छी है भाईसाहब. पूरी बाद में देखूँगी. ये छुट्टी पे आएँगे ना, तब.” आणि निघूनच गेली, दुसरी कॅसेटही न घेता. तुम्ही मला म्हणालात, “बघ, किती सभ्य बाई आहे. कंटाळा आला असं तोंडावर म्हणाली नाही.” चाचांनी मशीन थांबवून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघितलं होतं. तुम्ही प्ले दाबलंत. तीच जागा.

कॅसेटची पट्टी सारखी एकाच ठिकाणी थांबली, परत सुटली, की तिथं ती दमते. हे तुम्हीच शिकवलं होतं मला. मी दहावीत असताना, दिवाळीच्या आसपास, तुमच्या व्हीसीआरनं ती तिथंच खाल्ली. फडफड आवाज आला, झाकण उघडून बघितलं तर आत पट्टीचा चुरगळलेला गोळा. तुम्ही हळूहळू सोडवलीत, बोटांनी सपाट केलीत, आणि मग चाचांकडं कात्री मागायला गेलात, कारण तुमची बोथट होती.

चाचा म्हणाले, “कपड्याची कात्री आहे शेठ. बायकोला देत नाही मी, तिनं दुसरं काही कापलं की संपली.”

“ही पण एक पट्टीच आहे, चाचा.”

“कसली पट्टी?”

“लेकीची.”

तेव्हा ते स्वतः कात्री घेऊन आले, ती सोडून जाणार नाही म्हणून शेजारी उभे राहिले. तुम्ही खालचे स्क्रू काढलेत, कॅसेट उघडलीत. चुरगळलेला भाग असेल वीतभर. पण तुम्ही पट्टी पुढं ओढत राहिलात, मागं ओढत राहिलात, मध्येमध्ये लावून बघत खुणा करत राहिलात. काउंटरवर पट्टीचा ढीग झाला. चाचा म्हणाले, “इतकं? खराब तर चार बोटं आहे.”

तुम्ही म्हणालात, “जिथं सगळे उठतात, तो प्रसंगच काढून टाकतो. मग तरी शेवटपर्यंत बघतील.”

चाचांनी पट्टीचा ढीग बोटानं चाचपला. मग म्हणाले, “म्हणजे पोरीनं नांदावं म्हणून तिची जीभ कापायची.”

त्यांच्या नेहमीच्या थट्टेचा सूर होता, पण कुणी हसलं नाही. तुम्ही कापलंत. दोन टोकं जोडलीत, चिकटपट्टी लावलीत, नखानं घासून बसवलीत. कापलेली पट्टी तुम्ही टोपलीत टाकणार, तेवढ्यात चाचांनी हात धरला. दोऱ्याचं एक मोठं रिकामं रीळ आणून दिलं. “शिंपी उरलेलं कापड फेकत नाही शेठ. गिऱ्हाइकाला परत देतो. लपेटून ठेवा.” रिळावर ती पट्टी मी गुंडाळली. काळी, चकचकीत. मी ती उजेडासमोर धरून बघितली, काहीतरी दिसेल म्हणून. काहीच दिसत नाही तिच्यात. तुम्ही म्हणालात, “ठेव तुझ्याकडं. तुलाच बक्षीस.”

आणि तुमचा अंदाज खरा ठरला. कॅसेट नांदायला लागली! लोक शेवटपर्यंत बघायचे. पट्टी पार टोकाला जाऊन थांबलेली असायची. दुसऱ्या दिवशी आणायची घाई नाही. दोन दिवस, तीन दिवस घरात पडून. तुम्ही विचारायचात, कसा वाटला? “ठीक है.” “टाइमपास.” कुणी विचारायचं, “शेवटी ते लोक घर सोडून का जातात हो? काही कळलं नाही.” तुम्ही कॅसेट फळीवर ठेवायला वळायचात. चाचाही आता विचारत नव्हते, लेक आली का म्हणून.

दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी तुम्ही मला तो दाखवलात. दुपारी, शटर अर्धं खाली घेऊन, भेळ मागवून. मी मन लावून बघितला. मध्येच एका जागी चित्र उडालं, आडव्या रेघा आल्या, आणि एकदम सकाळ झाली. तुम्ही पडद्याकडं न बघता म्हणालात, “इथं एक प्रसंग होता.” शेवटी मी म्हटलं, चांगला आहे. तुम्ही भेळेचा कागद घडी करत बसलात.

पुढं केबल आली, मग सीड्या आल्या, चायनीज प्लेअर आले. दोन हजार साल उलटून गेल्यावर तुम्ही दुकान आवरलंत. कॅसेटी कुणी फुकट नेईना. शेवटच्या दिवशी रिकाम्या फळ्या पुसताना तोफांचा सराव चालू होता आणि हलायला काही उरलं नव्हतं. तुम्ही मला म्हणालात, “मला उगीच वाटायचं गं, आपल्याला सिनेमा कळतो.” अगदी सहज म्हणालात, फडकं झटकत. तेव्हापासून मी त्या सिनेमाच्या मागावर आहे, बाबा. हे एक वाक्य मला तुमच्याकडून परत घ्यायचं होतं. तुम्ही दोन वर्षांत गेलात आणि ते वाक्य तसंच राहिलं.

तर आता आजचं ऐका. आम्ही जेवलो, आई आडवी झाली, आणि मी खिडक्या उघड्या टाकून, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून बसले. आता आम्ही नाशकात, द्वारका चौकाजवळ राहतो. खाली ट्रकांचे भोंगे, रिक्षावाल्यांच्या आरोळ्या. भुताला इतकी वाईट जागा आणि इतकी वाईट वेळ शोधून सापडणार नाही. आणि तरी सांगते, पहिल्या थोड्या वेळातच माझ्या मानेवर काटा आला! किती धीट माणसांनी बनवलाय हा सिनेमा! पैसे नव्हते त्यांच्याकडं, ते दिसतंच. एकच घर, मोजकी माणसं, भिंतीवर एकच घड्याळ. पण त्या घरात ते कशी भीती पेरतात बघा. नवी नवरी येते, दुसरेपणाची. घरात नवरा, सासू आणि पहिलीचा मुलगा. पहिलीबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही, तिचा फोटो नाही, कपाटात तिची साडी नाही. फक्त नवरी डबे शोधायला लागते तेव्हा मीठ, हळद, जिरं सगळं तिच्या हाताला आपोआप लागतं, आणि त्याचं तिलाच नवल वाटतं. एवढंच! मी सोळाव्या वर्षी हे बघूनही बघितलं नव्हतं. स्वतःचं स्वयंपाकघर असल्याशिवाय ते कळत नाही बहुतेक. आणि आवाज, बाबा! तुमच्या त्या खरखरत्या टीव्हीवर आपल्याला बांगड्या ऐकूच आल्या नव्हत्या. नवरीच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत. ती थांबते, आणि बांगड्या अर्ध्या क्षणानं उशिरा थांबतात. मी ते परत परत लावून ऐकलं. एकदा तर मीच टाळी वाजवली, एकटीच.

मग तो प्रसंग आला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याची सुरुवात बघितली. संध्याकाळची जेवणाची वेळ. नवरी पाट मांडते, ताटं मांडते. नवरा, सासू, मुलगा, ती स्वतः. आणि मग पाचवं ताट. तिला कुणी सांगितलेलं नाही. तिचा चेहरा शांत, हात सवयीनं चालल्यासारखे. नवरा बघतो. मुलगा बघतो. ती काय करते, अशा नजरेनं सासू बघते, आणि मग, बाबा, सासू काही न बोलता आपला पाट थोडा बाजूला सरकवते. जागा करून देते! नवरी सगळ्यांना वाढत वाढत पाचव्या ताटापाशी येते, वाढते, आणि वाकून त्या रिकाम्या पाटाला विचारते, “और दूँ?” किती मायेनं विचारते. तुम्ही बरोबर होतात. आणि मग ती डाव हातात धरून थांबते, उत्तरासाठी.

ती जागा.

बाबा, ते लोक कंटाळले नव्हते! एकही कंटाळला नव्हता! मला ओरडून सांगावंसं वाटलं, चाचांना, त्या सुभेदारांना, गल्लीतल्या सगळ्यांना. भुताची कॅसेट परत देताना लोक हसत यायचे, ‘बाप रे, रातभर नींद नहीं’ म्हणायचे. ती घाबरल्याची खूण असं तुम्ही धरून चाललात. हे लोक काहीच न बोलता सकाळी सकाळी कॅसेट घरातून बाहेर काढायला यायचे आणि तुम्ही त्याला कंटाळा म्हणालात. त्या पहाडी बाईचा विचार करा. नवरा कुठल्या तरी चौकीवर, दोन महिने पत्र नाही, आणि ती दुपारी क्वार्टरमध्ये बसून बघते आहे की एक बाई रिकाम्या पाटाला विचारते, आणखी वाढू? ‘ये आएँगे ना, तब.’ ती तुम्हाला खरंच सांगत होती, बाबा. सभ्यपणा नव्हता तो. सगळा कॅम्पच तसा होता. प्रत्येक घरात एक ताट मांडायचं की नाही हा रोजचा प्रश्न. तुम्ही तुमचा हा सिनेमा, मुद्दाम निवडून पाठवावा तसा, अगदी नेमक्या घरांत पाठवत होतात.

आणि तुम्हाला का कळलं नाही, तेही आज कळलं. आपल्या घरात तेव्हा ताटं पुरी होती. तुम्ही, आई, मी. तुम्हाला त्या प्रश्नात फक्त माया ऐकू आली, कारण तुमच्या पंगतीत कुणी कमी नव्हतं. तुम्ही गेल्यावर बरेच दिवस आई जेवणाच्या वेळी तीन ताटं काढायची. मग तिच्या लक्षात यायचं, आणि आवाज होऊ नये म्हणून तिसरं दोन्ही हातांनी धरून हळूच फळीवर ठेवायची. मी बघितलं हे तिला कळू नये, म्हणून तेवढ्यात पाणी भरायला उठायचे. आम्ही दोघी त्याविषयी कधी बोललो नाही. कॅम्पातल्या त्या बायकाही बोलल्या नसणार.

तेव्हा आता ते वाक्य परत घ्या. तुम्हाला सिनेमा कळत होता. नांदगावच्या खोक्यातून, बिननावाचा, कुणी न ओळखलेला सिनेमा तुम्ही उभ्याउभ्या ओळखलात. कापलात ती तुमची चूक, पण तीही किती नेमकी चूक, की जिथं सिनेमाचा जीव होता बरोबर तिथंच कात्री लागली. आता शेवटही कळला मला. ते घर सोडून जातात, आणि नवरी उंबऱ्यावरून मागं वळून हात जोडते. सोळाव्या वर्षी मला वाटलं होतं घराला नमस्कार करते आहे.

आई उठली मघाशी. “झाला का बघून?” म्हणाली. मी म्हटलं, “झाला. काय सिनेमा आहे आई!” तिनं विचारलं, “मग? नांदेल का आता?” मी म्हटलं, “आता नांदेल.” त्या मुलीलाही कळवून टाकलं, हाच तो, अप्रतिम आहे, दुपारी बघ. शिवणाच्या डब्यातून ते रीळ काढून समोर ठेवलं आहे. चाचांचं. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून लांबलं तरी फिकीर केली नाही.

फक्त एक आहे. आईला सांगितलं तसं ते झालेलं नाही. तिनं “और दूँ?” विचारलं, बांगड्या थांबल्या, आणि माझ्या हातानं आपोआप चित्र थांबवलं. तिला उत्तर काय मिळतं ते मला अजून माहीत नाही. ती अजून तिथं टेबलावर, डाव हातात धरून ओणवी बसली आहे, आणि मी इकडं खिडकीत येऊन तुम्हाला लिहीत बसले आहे. मीही तिथंच उठले, बाबा. रिवाइंड केलेलं नाही.